पुनरारंभाचा अधिकार

कांहीं प्रश्न दिसावयास इतके क्षुल्लक असतात कीं त्यांवर कोणी निबंध लिहावा ह्याचेंच वाचकांस नवल वाटावें. संगणकाच्या खोलींत वारंवार उठणारा एक प्रश्न ह्याच जातीचा आहे. अनेकांच्या वापराचें एखादें युनिक्स यंत्र अडून बसलें, तर तें बंद करून पुन्हां सुरू करण्याची मुभा साध्या वापरकर्त्यास असावी कीं नसावी? व्यवस्थापक जवळ नाहीं, त्याचा पासवर्ड ठाऊक नाहीं, काम तर खोळंबलें आहे. अशा वेळीं यंत्रासमोर बसलेल्या माणसानें काय करावें? तंत्रज्ञ ह्याचें उत्तर दोन ओळींत देतात, आणि तें उपयुक्तहि असतें. परंतु अधिकार कोणास द्यावा, किती द्यावा, आणि तो न दिल्यामुळें जें नुकसान होईल तें कोणाच्या माथीं, हा जो नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न, तोच ह्या लहान प्रश्नाच्या पोटांत दडला आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्पसन व डेनिस रिची हे त्याचे मुख्य शिल्पकार. त्या काळीं संगणक महाग आणि विरळ असत. एका यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम कसें करावें हा संशोधनाचा एक मोठा विषय होता. एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें नांदावयाचीं म्हटल्यावर कोणाच्या खोलींत कोणीं शिरावें ह्याचे नियम आलेच. युनिक्सनें ते फार थोडक्यांत बसविले. प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक. त्याच्या फाइली त्याच्या. आणि ह्या सर्वांच्या वर शून्य क्रमांकाचा एक वापरकर्ता, 'रूट' नांवाचा. परवानगीचे सामान्य नियम त्यास लागू नाहींत. तो कोणाचीहि फाइल उघडूं शकतो, कोणाचेंहि काम थांबवूं शकतो, सगळा वाडा बंद करून पुन्हां उघडूं शकतो. राजा आणि रयत अशी ही दोन पायऱ्यांची रचना, आणि यंत्राचा पुनरारंभ हें त्यांत राजाचें कृत्य ठरलें.

असें ठरविणारांच्या पदरीं कारणें नव्हतीं असें मात्र कोणीं समजूं नये. पहिलें कारण यंत्राच्या घडणींतलें आहे. आपण लिहिलेला मजकूर युनिक्स यंत्र तत्काळ तबकडीवर नेत नाहीं. कांहीं काळ तो स्मृतींत ठेवतें आणि सवडीनें खालीं उतरवतें. जुन्या युनिक्सवर हें उतरवण्याचें काम दर तीस सेकंदांनीं करणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅमच असे. मधल्या वेळांत कोणीं वीज तोडली तर अर्धा मजकूर तबकडीवर आणि अर्धा कोठेंच नाहीं अशी अवस्था होई, आणि यंत्र पुन्हां सुरू झालें म्हणजे आधीं तबकडीची तपासणी व डागडुजी करावी लागे. पुढें तबकडीवरील फेरफारांची रोजकीर्द ठेवणाऱ्या पद्धती निघाल्या. लिनक्समध्यें अशी एक पद्धति २००१ सालीं आली, आणि हें भय बरेंच कमी झालें. परंतु तिनें वांचते ती फाइलींची मांडणी. जें काम स्मृतींतच चालू होतें तें गेलें तें गेलेंच.

दुसरें कारण उघड आहे. यंत्र अनेकांचें, अडला एकजण. त्यानें आपल्या अडचणीसाठीं सर्वांचीं कामें बंद पाडावीं हा कोणता न्याय? तिसरें कारण जरा खोल आहे, आणि तें न जाणणारे लोकच पुनरारंभास किरकोळ गोष्ट समजतात. यंत्र सुरू होत असतांना कांहीं क्षण असे येतात कीं त्या वेळीं त्याचे पहारेकरी अजून जागे झालेले नसतात. जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांवर, समोर बसलेल्या माणसानें त्या क्षणीं दुरुस्तीसाठीं राखलेली एकट्या वापरकर्त्याची अवस्था मागितली, तर यंत्र पासवर्ड न विचारतां रूटचे सर्व अधिकार त्याच्या स्वाधीन करी. म्हणजे ज्यास गडाचा दरवाजा लावून पुन्हां उघडण्याची मुभा, त्यास गडाचीच मुभा. हीं तिन्ही कारणें खरीं आहेत. आणि आम्हीहि एके काळीं ह्याच कारणांच्या आधारें नकार देणारांपैकीं होतों.

ती हकीकत येथें सांगणें भाग आहे. आमच्याकडे कांहीं वर्षें एका शिक्षणसंस्थेंतील दहाबारा लिनक्स यंत्रांची राखण होती. लिनक्स म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली, युनिक्सच्याच वळणाची प्रणाली. त्या यंत्रांवर जी प्रणाली आम्हीं बसविली होती तिच्यांत प्रत्यक्ष यंत्रासमोर बसलेल्या माणसास यंत्र पुन्हां सुरू करण्याची सवलत मूळचीच दिलेली होती. ती आम्हीं मुद्दाम काढून टाकली. तीन कळा एकदम दाबून यंत्र रीतसर बंद करण्याचीहि एक वाट होती. तीहि आम्हीं बुजविली. रूटचा पासवर्ड एकट्या आमच्यापाशीं होता. ह्या सर्वांस आम्ही त्या वेळीं दक्षता म्हणत होतों.

२००६ सालच्या एका शनिवारीं संध्याकाळीं त्यांपैकीं एका यंत्राचा पडदा गोठला. समोर एक विद्यार्थिनी बसली होती. सोमवारीं तिला आपल्या प्रबंधाचें एक प्रकरण सादर करावयाचें होतें. कळा चालेनात, माउस हलेना. तिनें आम्हांस फोन केला. आम्ही एका लग्नांत होतों. वाजंत्र्यांत तो ऐकूं आला नाहीं. तिनें तासभर वाट पाहिली, पुन्हां फोन केला, आणि शेवटीं यंत्राच्या अंगावरचें विजेचें बटण दाबून धरलें. यंत्र बंद झालें, पुन्हां सुरू झालें, तिचें प्रकरणहि सुखरूप निघालें. परंतु गोठला होता तो केवळ पडदा. आंत यंत्र जिवंत होतें, आणि दुसऱ्या इमारतींतून जाळ्यामार्गें जोडलेल्या रसायनशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्याचें गणित त्यावर चार दिवस चालत आलें होतें. तें तेथेंच संपलें. चार दिवस म्हणजे फार मोठा काळ नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु ज्याची शिष्यवृत्ति महिन्याअखेर संपावयाची आहे, त्यानें ते कसे मोजावे हें त्याचें त्यासच ठाऊक.

सोमवारीं आम्हीं त्या मुलीस बोलावून घेतलें. आमच्या मनांत राग होता, आणि तिला महिनाभर खोलींत येण्याची बंदी करावी असा हुकूमहि आम्हीं मनाशीं तयार केला होता. तिनें सर्व ऐकून घेतलें. तिचे डोळे भरून आले होते. मग ती एवढेंच म्हणाली, "सर, मग मी काय करायला हवं होतं?" आम्ही कांहीं बोलण्याच्या आधींच ती पुढें म्हणाली, "आणि आत आणखी कोणी काम करतंय हे मला दिसत कुठे होतं?"

ह्या दोन प्रश्नांस आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या नियमावलींत काय करूं नये ह्याचीं दहा कलमें होतीं. अडल्यास काय करावें ह्याचें एकहि नव्हतें. जो हुकूम मनांत तयार होता तो आम्हीं उच्चारला नाहीं. त्या दिवसापासून ह्या प्रश्नाकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली, आणि पुढील विवेचन त्याच बदलाचें फळ आहे.

आम्हीं काय केलें होतें हें नीट पाहिलें पाहिजे. यंत्र बंद पाडण्याची शक्ति आम्हीं त्या मुलीपासून काढून घेतली होती काय? मुळींच नाहीं. ती शक्ति तिच्या बोटापासून वीतभर अंतरावर, बटणाच्या रूपानें, सदैव होती. आणि बटण झांकलें असतें तरी भिंतींतला प्लग होताच. आम्हीं काढून घेतली ती केवळ ती शक्ति रीतसर वापरण्याची वाट. रीतसर वाटेनें यंत्र बंद करणारी आज्ञा आधीं सर्वांस सूचना देते, चालू प्रोग्रॅमांस आवरण्याचा इशारा करते, स्मृतींतला मजकूर तबकडीवर उतरवते, आणि अमुक वेळीं यंत्र बंद केलें अशी नोंद मागें ठेवते. युनिक्सची ही जुनी आज्ञा ठरल्या वेळेच्या पांच मिनिटें आधीं नव्या माणसांस आंत येण्यासहि मज्जाव करते. बटण ह्यांपैकीं कांहींच करीत नाहीं. म्हणजे आमच्या बंदीनें कृत्य टळलें नाहीं. त्या कृत्याला जी शहाणपणाची सोबत मिळाली असती तेवढी मात्र तुटली. आमच्या मतें ह्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. जें कृत्य आपणांस प्रत्यक्षांत रोखतां येत नाहीं, त्याची सरळ वाट बंद करणारा मनुष्य तें कृत्य थांबवीत नसतो. तो तें आंधळें करीत असतो, आणि आंधळ्या कृत्यानें जें मोडेल त्याचा कांहीं वांटा त्याच्या पदरीं येतो.

रेल्वेच्या डब्यांतील सांखळीचा विचार करावा. धांवती गाडी थांबविणें हें लहान कृत्य नव्हे. शेंकडों माणसांचा वेळ त्यावर अवलंबून असतो. तरीहि ती सांखळी गार्डाच्या डब्यांत कुलुपांत ठेवलेली नसून प्रत्येक उतारूच्या हाताशीं असते. तिकिटाखेरीज कोणतीहि पात्रता तिच्यासाठीं लागत नाहीं. विनाकारण ओढणाऱ्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमान्वयें एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात, ही गोष्ट निराळी. सांखळीचा दुरुपयोग होतो हें आपण सारे जाणतों. म्हणून ती काढून टाकावी असें मात्र विचारी मनुष्य म्हणत नाहीं. कारण सांखळी नसली तर घाबरलेला मनुष्य दारांतून उडी टाकील. अधिकार सर्वांस, पण जबाब ओढणाऱ्याचा, अशी ती योजना आहे.

ह्याच्याहि पुढें जाऊन, यंत्र बंद पाडण्याची मुभा सरसकट सर्वांस देणारेहि लोक झाले आहेत. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. ह्या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक प्रणाली रचली गेली. ती युनिक्सहून निराळ्या कुळांतली. तिच्यांत आरंभीं पासवर्ड असा नव्हताच. यंत्र बंद पाडण्याच्या युक्त्या शोधण्यांत तेथील तरुणांस मोठी फुशारकी वाटे. तेव्हां त्या प्रणालीच्या कर्त्यांनीं यंत्र बंद पाडणारी एक सरळ आज्ञाच सर्वांसाठीं खुली करून ठेविली. जें कोणासहि करतां येतें त्यांत पराक्रम तो कसला? स्टीव्हन लेव्ही ह्यांनीं १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत ही हकीकत नमूद केली आहे. ती वाचून मन प्रसन्न होतें, पण तिच्यावरून सर्वत्र लागू पडणारा नियम काढणें आम्हांस पटत नाहीं. तेथें माणसें थोडीं होतीं, एकमेकांस तोंडओळखीनें जाणत होतीं, आणि कोणाचें काय बुडालें हें त्याच रात्रीं सर्वांस कळत होतें. ओळख हीच तेथली राखण होती. जेथें दुसऱ्या इमारतींतला मनुष्य केवळ एक नांव होऊन यंत्रांत वावरतो, तेथें ती राखण नसते; तिच्या जागीं दुसरें कांहीं ठेवावें लागतें.

तें काय असावें ह्याचा शोध युनिक्सच्या इतिहासांतच सांपडतो. हा सारा इतिहास एका दृष्टीनें राजाच्या अधिकाराचे लहान लहान तुकडे पाडण्याचा इतिहास आहे. पहिली युक्ति डेनिस रिची ह्यांची. एखाद्या प्रोग्रॅमावर एक खूण करून ठेवावयाची, म्हणजे तो चालविणारा कोणीहि असो, चालू असेपर्यंत तो आपल्या धन्याच्या अधिकारानें चालतो. ह्या कल्पनेचें पेटंट १९७९ सालीं रिची ह्यांच्या नांवें मिळालें, आणि पुढें तें सर्वांच्या उपयोगासाठीं मोकळें करण्यांत आलें. मनुष्य सामान्यच राहतो. त्याच्या हातून होणारें एकच कृत्य असामान्य होतें. नंतर १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनीं 'सुडू' नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. अमक्या मनुष्यानें, अमक्या यंत्रावर, अमकीच आज्ञा रूट म्हणून चालवावी, असें त्याच्या यादींत लिहून ठेवतां येतें, आणि प्रत्येक वापराची नांवनिशीवार नोंद राहते.

आपल्याकडे कोर्टकचेरीचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हा भेद नवा वाटणार नाहीं. आम मुखत्यारपत्र निराळें आणि खास मुखत्यारपत्र निराळें. पहिल्यानें सारा कारभार हातीं येतो. दुसऱ्यानें एकच व्यवहार, एकदांच, नांवानें. रूटचा पासवर्ड चारचौघांस वांटून टाकणें म्हणजे आम मुखत्यारपत्राच्या प्रती बाजारांत वांटणें होय, आणि त्यांत दुसरा दोष हा कीं सगळेच एका नांवानें वावरूं लागल्यावर कोणीं काय केलें हें कळेनासें होतें. आम्हांस त्या काळीं असें वाटे कीं एक तर पासवर्ड वांटावा लागेल, नाहीं तर कांहींच देतां येणार नाहीं. हा आमचा आळस होता. कृत्य द्यावें, पद देऊं नये, ही मधली वाट आमच्या यंत्रांत आमच्याआधींच येऊन बसली होती.

अर्थात् कृत्य निवडतांना डोळे उघडे हवेत. एखाद्यास मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालवूं दिला, तर त्या प्रोग्रॅमाच्या आंतूनच वाटेल ती आज्ञा देतां येते, आणि खास म्हणून दिलेलें मुखत्यारपत्र आम होऊन बसतें. पुनरारंभाच्या बाबतींत हीच भीति मघां सांगितलेल्या पहारेकऱ्याच्या झोंपेची आहे. म्हणून ज्यास हा अधिकार द्यावयाचा त्याच्या यंत्राची ती अवस्था आधीं पासवर्डानें बंद करावी. पण हें काम राखणदाराचें आहे. स्वतः दार नीट न लावतां, दार उघडें राहील म्हणून दुसऱ्यास घरांत घेत नाहीं असें म्हणणें शोभत नाहीं.

पुढील काळांत हे तुकडे आणखी बारीक झाले. लिनक्सच्या जुन्या पद्धतींत, कोणाच्या उपस्थितींत कळा दाबून यंत्र बंद करतां यावें ह्याची यादी एका फाइलींत ठेवतां येई. त्यांपैकीं कोणी यंत्रासमोर आपल्या नांवानें आंत आलेला असेल तरच कळा मानल्या जात. युनिक्सच्याच वंशांतील फ्रीबीएस्‌डी ह्या प्रणालींत 'ऑपरेटर' नांवाच्या गटांतील माणसांस रूट न होतां यंत्र बंद करतां येतें. १९९९ सालच्या लिनक्सच्या गाभ्यानें तर रूटच्या अधिकारांचे वेगवेगळे हिस्सेच पाडले, आणि पुनरारंभ हा त्यांतला एक स्वतंत्र हिस्सा झाला.

परंतु नीतीच्या दृष्टीनें आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटते ती आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर आढळणारी व्यवस्था. २०१० सालीं आरंभ झालेल्या सिस्टम-डी ह्या प्रकल्पांतून ती आली. तिचा मूळचा नियम असा: जो मनुष्य प्रत्यक्ष यंत्रासमोर बसला आहे आणि ज्याच्याखेरीज आंत दुसरें कोणी नाहीं, त्यास पासवर्ड न विचारतां यंत्र पुन्हां सुरू करूं द्यावें; आंत दुसरें कोणी असेल तर व्यवस्थापकाचा पासवर्ड मागावा. शिवाय एखादें नाजूक काम चालू असतां तेवढ्यापुरता अडसर घालण्याचीहि सोय तींत आहे. हा नियम माणसाची योग्यता विचारीत नाहीं, त्याचें पदहि विचारीत नाहीं. नुकसान कोणाचें होणार, एवढेंच विचारतो. ज्याचें जाईल तोच बटण दाबणारा असेल तर त्यास अडविण्याचा हक्क कोणास? आणि दुसऱ्याचें जाणार असेल तर केवळ आपण अडलों म्हणून दाबण्याचा हक्क तरी कोणास? अधिकाराच्या वांटणीची इतकी स्वच्छ कसोटी राज्यकारभाराच्या मोठ्या ग्रंथांतहि सहसा सांपडत नाहीं. तिला मर्यादा आहेत. ज्याचा धनी काम सुरू करून निघून गेला असें मागें राहिलेलें काम तिच्या नजरेंतून निसटूं शकतें; तेथें अडसराची व्यवस्था राखणदारानेंच करून द्यावी लागते. पण त्या मुलीचा दुसरा प्रश्न आठवावा. आंत आणखी कोणी आहे हें तिला दिसत नव्हतें. नुसत्या नकारानें ज्ञानहि नाकारलें जातें. सशर्त होकार मात्र ती शर्त सांगण्याच्या निमित्तानें तें ज्ञान देतो.

ह्यावर दोन आक्षेप येतील. खोडसाळ माणसांचें काय, हा पहिला. खोडसाळ मनुष्यास प्लग आधींपासून मोकळा आहे, आणि प्लग ओढणाऱ्याचें नांव कोठेंच लिहिलें जात नाहीं. रीतसर वाटेनें जाणाऱ्याचें जातें. तेव्हां खोडी करणाऱ्यास ही वाट उलट गैरसोयीचीच आहे. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. पुनरारंभ हें औषध नव्हे. तो रोग लपवतो. वारंवार यंत्र बंद-चालू करून वेळ मारून नेणाऱ्यांमुळें मूळ दोष तसाच राहतो. हें अगदीं खरें आहे. परंतु रोग लपतो तो पुनरारंभामुळें नव्हे, तर त्याची वार्ता राखणदारापर्यंत न पोंचल्यामुळें. बटण दाबणारा मनुष्य भीतीनें गप्प राहतो, नोंदवही बोलते.

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट करूं इच्छितों. हें सर्व विवेचन ज्या यंत्रापर्यंत सामान्य माणसाचा हात पोंचतो त्याविषयीं आहे. जें यंत्र दूरच्या कुलुपबंद दालनांत आहे, ज्यावर बँकेचे व्यवहार किंवा रुग्णालयाचीं कामें चालतात, तेथें प्लगहि कुलुपांत आहे. म्हणजे बंदी तेथें खरोखरच कृत्य रोखते. शिवाय तेथें बंद केलेलें यंत्र पुन्हां उठलें नाहीं तर त्यास उठवावयास कोणी जवळ नसतें. तेथें नकारच योग्य. पण अशा जागीं नकार देणारानें अहोरात्र हजर राहणारा मनुष्यहि नेमला पाहिजे. ज्यास हांक मारतां येत नाहीं अशा राखणदाराचा नकार हा निव्वळ अभाव होय.

आम्हीं पुढें काय केलें तें सांगून हा लेख आटोपतों. यंत्रें सुरू होतांनाची ती मोकळी वाट आम्हीं पासवर्डानें बंद केली. नंतर प्रत्येक विद्यार्थ्यास सुडूच्या मार्गानें एकच आज्ञा दिली. शेजारच्या यंत्रावरूनहि ती देतां येई. ती आधीं आंत कोण कोण आहे आणि कोणाचें काम किती वेळ चाललें आहे ह्याची यादी दाखवी, मग सर्वांस पांच मिनिटांची सूचना देई, कारण विचारी, नांव लिहून ठेवी, आणि मगच यंत्र पुन्हां सुरू करी. भिंतीवर नवा कागद लावला. त्याचें पहिलें कलम, नुसता पडदाच गोठला असेल तर तेवढाच कसा सोडवावा, हें होतें. दुसरें, नाहींच सुटला तर ही आज्ञा कशी द्यावी, हें. ती आज्ञा क्वचितच शेवटपर्यंत गेली. यादींत दुसऱ्याचें नांव दिसलें म्हणजे मुलें बहुधा थांबत, किंवा त्या माणसास शोधीत जात. कांहीं महिन्यांनीं नोंदी चाळतांना एकाच यंत्राचें नांव फिरून फिरून येत असल्याचें आढळलें. उघडून पाहिलें, तों त्याच्या ग्राफिक कार्डाचा पंखा बंद पडलेला. तेंच तें शनिवारचें यंत्र. आम्हीं पूर्वींच ही वाट उघडी ठेवली असती, तर तो पंखा चार दिवसांचें गणित बुडण्याच्या आधींच बदलला गेला असता, असें मानावयास जागा आहे.

लिनक्सच्या गाभ्यांत एक गमतीची तरतूद आहे. प्रत्यक्ष रूटनें पुनरारंभाची मागणी केली तरी गाभा ती एकदम मानीत नाहीं. मागणीबरोबर दोन ठराविक आंकडे द्यावे लागतात. चुकून कोणा प्रोग्रॅमाच्या हातून यंत्र बंद पडूं नये एवढाच त्यांचा हेतु. त्या दुसऱ्या आंकड्यासाठीं जे पर्याय चालतात त्यांतल्या एकांत लिनस टॉरवाल्ड्स ह्यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९, गुंफलेली आहे. राजाच्याहि हातून चूक होऊं शकते हें जाणून त्यास क्षणभर थांबविणारी ही रचना आहे. अधिकाराच्या वरच्या टोंकास जर हें थांबणें आवश्यक वाटलें, तर खालच्या टोंकास नुसत्या नकाराऐवजीं असेंच एक थांबणें द्यावें, आणि पुढचा निर्णय त्या माणसाच्या हातीं ठेवावा, हें न्यायाचें दिसतें.

ती विद्यार्थिनी पुढें आपला प्रबंध पुरा करून गेली. जाण्यापूर्वीं तिनें त्या संशोधक विद्यार्थ्याची गांठ घेऊन क्षमा मागितली, असें त्यानेंच आम्हांस सांगितलें. वस्तुतः ती क्षमा आम्हीं मागावयास हवी होती. ती आम्हीं त्या वेळीं मागितली नाहीं.